कोबीवरची केटलबेल

५ ऑक्टोबर, सकाळी ६
ठरलं. सोळा किलोची केटलबेल, म्हणजे मूठ असलेला लोखंडी गोळा, आणली. सव्वा महिन्याने माझ्या मुलीच्या, उल्याच्या शाळेत ‘खेळाडू कुटुंब’ स्पर्धा आहे. गेल्या वर्षी आम्ही शेवटून पहिले आलो आणि पोरीला आठवडाभर वर्गाने चिडवलं. यंदा बाबा केटलबेल उचलणार, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलंय. तिची मान खाली जाऊ देणार नाही. रोज अर्धा तास, ऑफिसच्या आधी.

६ ऑक्टोबर
घरं गरम ठेवणारं शहराचं हीटिंग सुरू झालं, म्हणजे आमच्या दुरुस्ती ऑफिसातले तक्रारींचे फोन सुरू झाले. कुणाचा रेडिएटर गार, कुणाचा गळका. व्यायाम नाही. केटलबेल खोक्यातून बाहेर काढली. मानसिक तयारी हा निम्मा व्यायाम.

९ ऑक्टोबर
गुडघ्यापर्यंत उचलली! ठेवताना जरा आवाज झाला. बायको, झान्ना, म्हणाली, खालच्यांचं बाळ झोपलंय. मी शेजारधर्म पाळणारा माणूस. थांबलो.

१५ ऑक्टोबर
काल हिवाळ्याच्या तोंडावरचा पोक्रोवचा सण झाला, चंद्र वाढता, शिवाय गुरुवार. म्हणजे कोबी आंबवायला घालायचा मुहूर्त. सासूबाई कपितोलिना येगोरोव्हना पिंप घेऊन मुक्कामालाच आल्या. कोबी दाबून ठेवायला वर दगड लागतो, तो मिळेना. त्यांनी माझी केटलबेल पिशवीत घातली आणि पिंपातल्या ताटलीवर ठेवून दिली. मी तीव्र निषेध नोंदवला, मनात. कुटुंबासाठी माणसाला त्याग करावा लागतो.

२० ऑक्टोबर
रोज सकाळी सासूबाई एका हाताने केटलबेल वर धरतात, दुसऱ्या हाताने कोबीत काठी खुपसून आंबताना साठलेला वायू काढतात. वय एकाहत्तर. उल्या दूध पीत बघत बसते. सासूबाईंची कंबर चुकीची वाकते, तंत्र अजिबात नाही. तसं सांगितलं. म्हणाल्या, “जावईबापू, चहा गार होतोय.”

३ नोव्हेंबर
कोबी आंबला, पण टिकावा म्हणून पिंप थंड बाल्कनीत गेलं, केटलबेलसकट. थंडीत स्नायू आखडतात. सध्या व्हिडिओ बघतो. सगळं लक्षात आलंय.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
नवा ट्रॅकसूट घालून शाळेत गेलो. केटलबेलसाठी सरांनी नाव पुकारलं, ते सासूबाईंचं. उल्यानेच दोन आठवड्यांपूर्वी बदलून घेतलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. म्हणाली, “बाबा, तू उचलशील हे मला माहीत आहे. पण आजी रोज उचलते.”

डोक्याचा रुमाल न सोडता सासूबाईंनी इतक्यांदा उचलली की सरांनीच पुरे म्हटलं. आम्ही पहिले. उल्या आजीच्या गळ्यात पडली. मी सासूबाईंचा कोट धरून उभा होतो. फार वाईट वाटलं. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते.

घरी आल्यावर कुणी बघत नाही असं पाहून बाल्कनीत गेलो. केटलबेल गुडघ्यापर्यंत आली. तिथून पुढे नाही. मागून सासूबाई आल्या, माझ्या हातातून घेतली, पुन्हा कोबीवर ठेवली. कुणाला काही बोलल्या नाहीत.

जेवताना बशीत कोबी आला. चांगला कुरकुरीत झालाय. दोनदा मागून घेतला.