मागच्या खुर्चीतली झोप

४ फेब्रुवारी
पहिला प्रयोग झाला. टाळ्या पडल्या, पण जीव टांगणीलाच. उद्या पेपरात समीक्षा! थिएटरच्या मॅनेजरनं सरळ सांगितलंय — "बरं छापून आलं तर पुढच्या तारखा. नाहीतर रविवारी सेट उचला." दोन वर्षं रक्त आटवून हे नाटक लिहिलं. घर नसलेली माणसं दिवसभर वाचनालयात का बसतात, एवढंच तर विचारलंय.

५ फेब्रुवारी
सुटले! आईनं फोनवर अख्खी समीक्षा वाचून दाखवली, 'संवेदनशील' हा शब्द दोनदा. तारखा मिळाल्या. हुश्श!

एकच खडा लागला — "मागच्या खुर्चीतल्या वृद्धाचं झोपणं कृत्रिम वाटतं. संयम हवा होता."

पोट धरून हसले. अहो, ते आजोबा नट नाहीतच! दिवसा वाचनालयात पेपर उघडून बसतात, रात्री स्टँडच्या बाकावर. मीच आणलं त्यांना रंगमंचावर — "काही करू नका, रोज बसता तसे बसा." ते बसतात आणि तालमीपासूनच पहिल्या प्रवेशात खरेखुरे झोपतात!

आई म्हणाली, "त्या शहाण्याला पुढच्या रांगेत बसवायचं होतंस. घोरणं तरी ऐकू आलं असतं."

६ फेब्रुवारी
आजोबा दोन्ही अंक टक्क जागे. डोळे लालबुंद. रोज पेपर वाचणारा माणूस, हे कसं वाचल्याशिवाय राहील!

"आजोबा, झोपा हो खुशाल."

"नको बाई. वाचनालयात डोळा लागला तर टेबल वाजवून उठवतात. इथं लागला तर पेपरात छापतात."

हसू आलं, मग फार वाईट वाटलं. माझ्या नाटकापायी त्यांची तेवढीही झोप गेली.

७ फेब्रुवारी
आजही जागेच. प्रयोगाआधी तिसरा चहा मागून घेतला. उद्या तो समीक्षक पुन्हा येतोय म्हणे, तिकीट काढून, बायकोला घेऊन. आजोबांना सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी
टाळ्याच नाहीत! नट रांगेत वाकले आणि सभागृह चिडीचूप. वाटलं — गेलं नाटक! मग विंगेत ऐकू आलं. आजोबा घोरत होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं ओठांवर बोट ठेवलं होतं, आणि लोक चपला हातात घेऊन दाराकडे निघाले होते. सगळ्यात शेवटी तो समीक्षक. बूट हातात.