माझा नंबर आठ

शनि., १ नोव्हें.
आमची ऋचा ट्रेक लीड करणार, पहिल्यांदाच! तिच्या ग्रुपचा मुख्य समीर. तो म्हणाला, या वेळी तू ने सगळ्यांना. मी कौतुकाच्या भरात बोलून गेले, मीपण येते. बोलले आणि जीभ चावली. पण पोरगी एवढी खूष झाली की मागे फिरायची सोयच राहिली नाही.

लगेच फर्मान: "चपला चालणार नाहीत, बूट घे. संध्याकाळी जा, दिवसभराने पाय सुजतात, तेव्हाचंच माप खरं. जाडे मोजे घालून बघ. नाड्या न बांधता पाय पुढे सरकव, मागे टाचेशी एक बोट गेलं पाहिजे. नाहीतर उतरताना वाट लागते."
हो हो म्हटलं. जन्मात बूट घातलेले नाहीत. चपलेचं बरं असतं, टाच मागे बाहेर आली तरी चालून जातं. मी कायम सहा नंबर घेते नि टाच बाहेर ठेवते.

रवि., २ नोव्हें.
घाटकोपर. मी आणि हे. मुद्दाम सकाळीच गेले. सकाळी पाय लहान असतात ना.

दुकानात कदम म्हणून एक जण, चाळिशीचे. "नंबर?" "सहा." सहात पाय शिरेचना. सातात शिरला, कसाबसा. कदम म्हणाले, "मॅडम, मागे बोट जात नाहीये. आठ घ्या. लेडीजमध्ये सातपर्यंतच आहेत, जेन्ट्समधला देतो." आठचा डबा काढून पुढ्यात ठेवलासुद्धा. शेजारच्या स्टुलावर हे बसलेले. ह्यांचा नंबर सात.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्यापेक्षा मोठा पाय, तोही पुरुषी बुटात. हे बघायला आले होते तेव्हा मावशी कानाशी पुटपुटली होती, "पाय आत घे गो." पन्नाशी उलटली तरी मी आतच घेतेय. म्हटलं, "नको नको, हेच छान बसतायत," आणि दुकानभर मिरवून दाखवलं. हे म्हणाले, "बघ हं नीट." म्हटलं, बघितलं.

रात्री जेवताना ऋ.ने विचारलं, बोट गेलं ना मागे?
गेलं, म्हटलं.

रवि., ९ नोव्हें.
सरावाला आरे कॉलनी. मी नि ऋ., रिक्षाने. मोजे पातळ घातले, जाड्यांत पाय जाईचना. सपाटीला ठीक. गोठ्यांच्या मागच्या उतारावर अंगठे बुटाच्या टोकाला असे आपटत होते की डोळ्यांत पाणी. ऋ. पुढे, बडबडत. ऑफिसातलं, समीरचं, कोण तो नवीन मुलगा त्याचं. एवढं ती घरात कधी बोलत नाही.
"आई, तू झकास चालतेस गं!"
थांबून सांगायला हवं होतं. पण मग ती बोलायची थांबली असती. असं वाटलं खरं.

शुक्र., १४ नोव्हें.
ग्रुपचा नियम: लीडरने प्रत्येकाचे बूट घालायला लावून, हाताने दाबून तपासायचे. बाकीच्यांचे काल तपासून झाले. आज माझी पाळी. ऋ. खाली बसली, म्हणाली, "घाल बघू."
मी म्हटलं, "आईवर विश्वास नाही वाटतं?"
हसली. "तुझ्यावर नसेल तर कोणावर असणार?" आणि उठली.
झालं. तपासले.

सोम., १७ नोव्हें.
रजा टाकलीय. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी, डावं तर निघणारच. बसून लिहितेय.

काल गड चढले व्यवस्थित. वरून फोटो वगैरे. उतरताना अर्ध्यावर येईतो पाय टाकवेना. आधी आडवी चालले, मग उलटी, मग सरळ बसून घसरत. वीस-बावीस वयाची पोरं माझी पिशवी घेऊन ताटकळत उभी. खाली पोचलो तेव्हा अंधार पडलेला, गावातली शेवटची एसटी गेलेली. एका शाळेच्या ओट्यावर सगळे बसलो, जीप मिळेपर्यंत. एकाला पहाटे शिफ्ट होती, त्याची ती गेली.

समीरने माझ्यासमोरच विचारलं, "काकूंचे बूट तू चेक केलेलेस ना?"
ऋ. म्हणाली, "हो."
माझ्यासाठी खोटं बोलली. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "अरे, त्या दुकानदारानेच चुकीचा नंबर दिला. मला काय कळतंय त्यातलं." कुणी विचारलंही नव्हतं.

बुध., १९ नोव्हें.
समीरचा फोन आलेला. पुढचे ट्रेक ऋ.ने लीड करायचे नाहीत, जरा थांबायचं. ऋ. रडली नाही. माझ्या पायाला हळद लावत होती तेव्हा सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मग म्हणाली, "त्या दुकानाचं नाव मी ग्रुपवर टाकलंय. कुणी जाऊ नका म्हणून. कदम का कोण, त्याचंही."
मी "कशाला उगाच" एवढंच म्हटलं. तेही दबक्या आवाजात. हे पेपर वाचत होते. पेपर खाली घेऊन माझ्याकडे बघितलं, परत वर घेतला.

शनि., २२ नोव्हें.
आज जे झालं ते लिहू की नको. लिहितेच.

ऋ.ने मला धरून दुकानात नेलं. बूट बदलून हवेत. वापरलेले बदलत नाही, म्हणाले. मग तिचा आवाज चढला. मालक आतून आला. कदमना बोलावलं. ते म्हणाले, "मी आठचा डबा काढून दिला होता. मॅडम, तुम्हाला आठवतंय ना?"
सरळ माझ्याकडे बघून विचारलं. चिडून नाही. मी सांगेन अशी खात्रीच असल्यागत.
मी खाली वाकून पिशवीतल्या बुटाची नाडी बांधायला लागले. बांधलेलीच होती.
ऋ. म्हणाली, "माझी आई खोटं बोलते असं म्हणायचंय का तुम्हाला?"
मालक सगळ्या गिऱ्हाइकांदेखत कदमना हिंदीत बोलला. वर माफी मागायला लावली. "सॉरी मॅडम, माझ्याकडून चूक झाली." माझ्यापेक्षा धाकटा माणूस, पण संसारी. घरी पोरंबाळं असतील.
मग त्यांनीच आठ आणला, त्यांनीच घातला, टाचेमागे बोट घालून बघितलं. बरोब्बर बसला. इतका सुखाचा बसला की मला स्वतःची किळस आली.
येताना रिक्षात ऋ. म्हणाली, "बघितलंस? बोलावं लागतं, आई. तू फार साधी आहेस."

रवि., २३ नोव्हें.
ऋ. मैत्रिणीकडे. ह्यांनी चहा करून आणला नि समोर बसले.
"मी होतो ना गं तिथे," म्हणाले. "वाटलं, तू सांगशील."
मी चहा ढवळत बसले.
"माझा सात आहे म्हणून?"
मान हलवली. हे हसतील वाटलं, सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटतील. हसले नाहीत. म्हणाले, "तीस वर्षं बघतोय मी तुझे पाय. कधी काही म्हटलं?"
कधीच म्हटलं नव्हतं. हे खरंय. रडले मग. ते म्हणाले, मी नाही सांगणार तिला, तूच सांग.

मंगळ., २५ नोव्हें.
सांगितलं.

ऋ. ऑफिसातून आली, हातपाय धुतले, मी भाजी चिरत होते, तेव्हाच. नाहीतर परत राहिलं असतं. सगळं सांगितलं. आठचा डबा, बोट, ह्यांचा सात. आरेतलं पण.
ती ओट्याला टेकून ऐकत होती. आधी म्हणाली, "एवढंच? नंबरवरनं?" मला वाटलं, सुटले.
मग तिला एकेक आठवत गेलं असावं. म्हणाली, "मी त्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तू शेजारी उभी होतीस, आई."
हो.
"मी समीरला हो म्हटलं तेव्हापण उभी होतीस."
हो.
लाज वाटली, एवढंच होतं. पण तेव्हा पायांची वाटत होती. आता पाय बिचारे निर्दोष वाटतात.

म्हटलं, मी उद्या दुकानात जाते. मालकाला सांगते. "जा," म्हणाली. "मी नाही येणार." आणि ग्रुपवर? तिने टाकलेलं अजून तिथेच आहे, खाली सगळ्यांनी अंगठे दिलेत. तिने फोन उघडला, लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. मग फोन माझ्या हातात दिला.
"मी काय लिहू? तू लिही. तुझ्या नावाने."
आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. कडी नाही लावली. भाजी तशीच पडलीय.
कदमांचं खरं होतं, हे लिहिलं की ऋ.ने बूट तपासलेच नव्हते हेही त्यात येतंच. परत कधी लीड करायला मिळेल तिला? तिला हे कळत नसेल असं नाही. तरी फोन दिलाय.

"मी ऋचाची आई" एवढं टाइप करून झालंय.