खंड माफ

१४ सप्टेंबर २०२५

जीवरामनानांच्या विहिरीवरची जळालेली मोटार भरून द्यायला गेलो होतो. ओट्यावर त्यांची बायको, कोकिळाकाकू, फोनवर — "हे ड्युटीवर जायच्या आत उरकून टाकू. मुलगा धुळ्याला नोकरीला आहे, हितेंद्र नाव."

उरकून टाकू! त्यांची कामिनी म्हणजे काय कांद्याचं पोतं आहे?

नाना टीएमध्ये आहेत, प्रादेशिक सेनेत. बोलावणं आलं की वर्दी चढवायची, सोडलं की एरंडोलला येऊन कपाशी. एकोणीस वर्षं हेच चाललंय. दिवाळीनंतर परत काश्मीर. "एक फेरी मारी की पेन्शन पक्की," म्हणतात. आणि बाप परत जाणार म्हणून पोरीची घाई!

येताना खांबावर पक्कड फेकली. पक्कड मामांची. त्यांच्याच दुकानात पोट भरतोय, त्यांचीच हत्यारं मोडतोय.

१५ सप्टेंबर

जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही.

१८ सप्टेंबर

सापडलं!

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मोबाईलवर टीएच्या पेन्शनचं सगळं काढून बसलो. एका पानावर नियमच होता, इंग्रजीत. शिपायाला पंधरा वर्षं सेवा लागते. आणि मधेमधे घरी सोडलेलं असतं, ते खंड माफ धरतात! म्हणजे नानांची एकोणीस झाली की! जायचं कशाला?

धावत गेलो. नाना गुडघ्याला तेल चोळत बसले होते. ऐकून म्हणाले, "आमना युनिटना पोऱ्ये तं सांगतस, घरना दिवस मोजतस नही."

मी म्हणालो, "नाना, हे बघा, लिहिलंय. खंड माफ."

त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "माले इंग्रजी काय समजस? तू कॉलेज करेल शे, तू सांग."

कॉलेज करेल शे! जळगावला दीड वर्ष, तेही कँटीनमध्ये एकाचं नाक फोडून आलो. माफीनामा लिहून दे म्हणाले, तर वह्या तिथंच टाकून निघालो.

पण सांगितलं. ठासून सांगितलं. नानांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग हसले. "म्हणजे आते घर बसानं?"

१९ सप्टेंबर

नाना म्हणाले, ते पान कामिनीच्या मोबाईलवर पाठव, ती वाचून दाखवेल. स्वतः नंबर दिला! दोन वर्षं ज्या नंबरासाठी तिच्या बसस्टॉपवर उभा राहिलो, तो बापानेच दिला.

पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाट बघायची तयारी होती, पण रात्रीच उत्तर आलं — "बरं."

एवढंच. तिला काही नाहीच वाटत. नुसतं बरं.

२७ सप्टेंबर

नाना भुसावळला युनिटमध्ये जाऊन अर्ज देऊन आले. पुढे बोलावू नका, सोडा म्हणून. स्वखुशीने. साहेब म्हणाले म्हणे, घाई करू नको, मंजूर होईपर्यंत अर्ज मागे घेता येतो.

धुळेकरांना काकूंनी कळवलं — हे आता घरीच आहेत, वर्षभर बघू.

वर्षभर! आज मामांनी शिव्या दिल्या त्याही गोड लागल्या.

९ ऑक्टोबर

काय करू?

पारोळ्याचा एक टीएवाला पंप घेऊन आला होता. मी शहाणपणा करून त्याला तेच पान दाखवायला काढलं. तो म्हणाला, "खाली सरकव ना भाऊ." मधे कसलीशी जाहिरात होती, मोठी, अख्खा पडदा भरून. तिच्या खाली तेच वाक्य पुढे चालू होतं. खंड माफ, म्हणजे तुटक सेवा जोडून धरतात, एवढंच. पण खंडाचा काळ मोजत नाहीत. वर्दीतलेच दिवस मोजायचे.

तो हसला. "हे तर आम्हाला पहिल्या कँपमध्येच सांगतात."

नानांच्या युनिटमधली पोरंही तेच सांगत होती. नानांनाही ठाऊक होतं. ते मीच पुसलं.

उद्या सांगतो. अजून मंजुरी नाही. उद्याच.

१० ऑक्टोबर

गेलो. नाना शेतात होते. कामिनी पाणी घेऊन आली. "मी वर्षभर तरी सुटले," म्हणाली आणि हसली. माझ्याकडे बघून!

सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर

नाही.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. नाना गल्लीत घरोघरी पेढे देत फिरले. मलाच आधी. "आमना वकीलसाहेब!"

पेढा खिशातच राहिला. तिथंच चुरा झाला.

१२ नोव्हेंबर

मंजुरी आली. सुटले.

आता सांगून तरी काय उपयोग — हे मी मनात म्हणालो, आणि बरं वाटलं. मग बरं वाटल्याची किळस आली.

२८ नोव्हेंबर

नाना म्हणाले, सोबत चल, कागद तुला समजतात. नाही कसं म्हणणार?

भुसावळला ऑफिसातले हवालदार भले माणूस. चहा पाजला. मग सगळ्या फेऱ्यांची बेरीज करून कागद नानांपुढे सरकवला. चौदाच्या वर, पंधराच्या आत. "नाना, एकरकमी काहीतरी मिळेल. पेन्शन नाही बसत."

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर.

हवालदार म्हणाले, "थोडं कमी पडलं तर वर लिहून कधीकधी माफ करून घेता येतं. पण तुम्ही स्वतः मागून सुटलात. अवघड आहे. एक फेरी मारली असती नाना! कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी डोळे मिटले.

"कोनी नही," नाना म्हणाले. "गुडघा साथ देस नही."

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली. नशिराबादला भेळ घेतली, पुडा माझ्या मांडीवर ठेवला. एक शिवी दिली असती तरी चाललं असतं.

३० नोव्हेंबर

शेतात गेलो, पाय धरले. म्हणालो, नाना, मी अर्धंच वाचलं. चूक माझी.

ते कपाशी वेचत होते. हात थांबला नाही. "तुनी काय चूक? माले घर येवानं व्हतं. तू नही सांगतं, तं दुसरं कोनी सांगतं."

मग म्हणाले, "उठ रे. कापूस तुडवी राह्यना."

पण मी त्यांना एवढंच सांगितलं, की अर्धं वाचलं. मंजुरीच्या महिनाभर आधी पुरं वाचलं होतं, ते नाही सांगितलं. पुन्हा अर्धंच.

२२ डिसेंबर

नाना कापसाच्या जिनिंग मिलच्या गेटवर वॉचमन लागले. परत वर्दी, निळी, कंबरेत ढगळ. ट्रॅक्टर आला की उठायचं, साखळी काढायची, बसायचं. उठताना गुडघा धरतात. सायकलवरून जाताना मी मान खाली घातली. त्यांनीच हाक मारली, "वकीलसाहेब, चहा?"

एकाने मागून विचारलं, "काय नाना, पेन्शनर ना तुम्ही?" आणि हसला. त्याच्या अंगावर धावून गेलो. नानांनी कॉलर धरून मागे ओढलं. "आते माले येथून बी काढशी का?"

४ जानेवारी २०२६

धुळेकर येऊन गेले. ठरलं. काकू म्हणाल्या, पोरीने स्वतःच हो म्हटलं. आम्ही विचारलंही नव्हतं.

ठीक आहे. तिला कधी काही वाटलंच नव्हतं. मीच वेडा. एका मुलीच्या नुसत्या 'बरं'साठी एका माणसाचं म्हातारपण विकलं.

११ जानेवारी

कामिनी दुकानात आली. मिक्सर जळाला होता. मामा नव्हते. मी स्क्रू काढत होतो, वर बघितलं नाही.

ती म्हणाली, "तू बाबांना म्हणालास, अर्धंच वाचलं."

"हो."

"मी पूर्ण वाचलं होतं. तू पाठवलंस त्याच रात्री, 'बरं' लिहायच्या आधी. जाहिरातीच्या खालीसुद्धा."

स्क्रू खाली पडला. विचारलं — मग नानांना का नाही सांगितलंस?

"तू का नाही सांगितलंस?"

मी पडलेला स्क्रू शोधायला वाकलो.

"माझंही तेच," ती म्हणाली. मग दाराकडे बघत, "आपण दोघं एका घरात राहून त्यांच्या पाया कसं पडणार, तेजस? म्हणून धुळ्याला हो म्हटलं."

मिक्सर शनिवारी न्यायला येते म्हणाली. नाना येतील बहुतेक.