महूचा गट हलका नाही

रविवार, संध्याकाळ

ऑफिसातले जोशीजी आठवडाभर चिडवत होते, "भिया, कॉलेज फुटबॉलमध्ये इंदूरच्या कॉलेजांचा गट तगडा, तुमचा महूचा हलका." माझी लेक प्रज्ञा महूच्या एका कॉलेज टीमची गोलकीपर, म्हणून जास्तच लागलं. आज दोन्ही गटांतल्या टीमची पहिली गाठ पडली, तिच्या टीमची इंदूरच्या एका टीमशी. प्रज्ञाने पेनल्टी अडवली, आम्ही एक-शून्यने जिंकलो. ती पेनल्टी अजून डोळ्यांसमोरून हटत नाही.

परत येताना म्हटलं, "आता सांगतो जोशीजींना, कोण हलकं ते."

मागे बसलेली प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, सीझन आत्ता सुरू झालाय. एका मॅचवरून कुठला गट तगडा ते ठरत नाही. त्यांच्या दोन चांगल्या पोरी आज खेळल्याच नाहीत."

मी स्कूटर चालवत राहिलो. पेनल्टीपेक्षा तिच्या या बोलण्याचाच अभिमान जास्त का वाटतोय? एवढी समज मला अजून तरी आहे का? नसावी. कारण उद्या जोशीजींना तरीही सांगणारच, कोण हलकं ते.