येऊन राह्यलो

१८ नोव्हेंबर, देऊळघाट
सिनेमावाले आज खरंच आले. लढाईचा सिनेमा. बर्फातलं सगळं आधीच झालंय, आता त्यातल्या जवानांची गावं हवीत. म्हणून आपलं देऊळघाट, म्हणजे धाकट्या भावाचं, विनूचं. दिग्दर्शक अनिकेत, पुण्याचा, पस्तिशीचा. वाकून नमस्कार केला. "सर, तुमच्या भावाचं काम करणाऱ्या मुलाला वऱ्हाडी शिकवाल? आम्हाला बोली अस्सल हवी."
हो म्हणालो. अडतीस वर्षं जि. प. शाळेत मराठी शिकवली ती पोरांची वऱ्हाडी सुटावी म्हणून. आता पगार संपल्यावर तीच शिकवायची. शोभा चहा ठेवताना पदराआड हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचं एक क्रियापद मला सुधारता आलं नाही.

२० नोव्हें.
नटाचं नाव समीर. गुणी आहे. पण 'मले' म्हणताना तोंडात गरम घास धरल्यासारखं करतो. त्याला म्हणालो, "हे विनोदी नाही बाळा, साधं बोलणं आहे." माझ्या तोंडून हे वाक्य!
सातवीत विनू माझ्याच वर्गात होता. "मले येते गुर्जी" म्हणाला की 'मला येतं' पाच वेळा लिहायला लावायचो. सख्खा भाऊ म्हणून दहा वेळा. लिहायचा बिचारा. अक्षर सुरेख.

२२ नोव्हें.
संवादाची पानं आली. लाल पेनानं शुद्धलेखन तपासलं, सवय. शेवटच्या फोनची जागा कोरी. अनिकेत म्हणाला, "तो काय बोलला ते तुम्हालाच माहीत, सर."
सांगितलं. रजा मंजूर झाली होती, तिकडून फोन केला, इथं स्टँडवरच्या बूथवर मी घेतला. म्हणाला, "भाऊ, मी येऊन राह्यलो."
"आणि तुम्ही?"
मी म्हणालो, लाइन कटली.

२३ नोव्हें.
खोटं बोललो. लाइन कटली, पण नंतर.
मी म्हणालो होतो, "येऊन राह्यलो काय रे, येतो आहे म्हण." सहा वर्षं फौजेत, निम्मा देश पाहून झाला, तरी तसाच बोलतो याचा राग आला होता. तो हसला. "आल्यावर मनतो, भाऊ." मग कटली. चार दिवसांत रजा रद्द, आणि पुढच्या पंधरवड्यात तिरंग्यात...
पंचवीस वर्षं झाली. शोभालासुद्धा सांगितलेलं नाही.

२५ नोव्हें.
स्टँडवर शूटिंग. जुन्यासारखा पिवळा बूथ उभा केला. पाटीवर 'दूरध्वनि' ऱ्हस्व, दीर्घ करवून घेतलं. माझं काम करणारा नट माझ्याहून वीतभर उंच. तो बूथमध्ये फोन कानाला लावून. सिनेमात विनू दिसत नाही, आवाजच येतो. समीर लिंबाखाली उभा राहून बोलला.
"भाऊ, मी येऊन राह्यलो."
अगदी बरोबर बोलला. मी रस्त्याकडे तोंड फिरवलं. तेवढ्यात बुलढाण्याची बस हॉर्न वाजवत शिरली. मी उतरणारी माणसं बघत बसलो. शेवटचा माणूस उतरेपर्यंत.

९ जुलै
अनिकेतचा फोन. आवाज पडलेला. पुण्यात काही लोकांना आधी दाखवला. बाकी सगळ्याला रडले, नेमके त्या वाक्याला हसले. "गंभीर जागा आहे, सर. रिस्क नको. बदललंय. दादा, मी येतोय. चालेल ना?"
म्हणालो, व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष आहे.


२ ऑगस्ट
शोभाला घेऊन खामगावला गेलो, बोथ्याच्या घाटानं. थेटरात निम्मं देऊळघाट. लढाई जोरात आहे. धूर, बर्फ, कान बसतात. मी मात्र बूथची वाट बघत होतो. आला. नट फोन उचलतो.
"दादा, मी येतोय."
पंचवीस वर्षांपूर्वी मी मागितलं होतं तसंच, शुद्ध. आणि कोणीतरी परकाच बोलतोय.
मागून एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "येऊन राह्यलो मन ना बे!"
कोणी हसलं नाही. मला हुंदका आवरेना. शोभानं मनगट धरलं ते दिवे लागेपर्यंत सोडलं नाही.
परतीच्या बसमध्ये तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तो हासला ना तुमच्यावर? मंग रागावून नाही गेला. एवढ्यासाठी एकलेच घेऊन बसले व्हय इतके वर्सं?"

१० ऑग.
पुण्याच्या पेपरात कौतुक, 'संयत भाषा' वगैरे. इकडून मात्र बोंब. किती जणांनी अनिकेतला फोन केले देव जाणे. म्हणाला, मोबाइलवर येणाऱ्या प्रतीत जुनं वाक्य परत घालतो. पण लिंबाखालच्या आवाजात बसचा हॉर्न आहे आणि समीर परदेशात. "गावात सगळे म्हणतात, तुमचा आवाज विनायकसारखाच. तुम्हीच बोला ना, सर. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा."
विचार करतो म्हणालो.

१२ ऑग.
दार लावून बोलून पाहिलं. तोंडातून आलं, "भाऊ, मी येऊन राहिलो आहे." पुन्हा तेच. चौथ्यांदा शोभा बाहेरून ओरडली, "आहे कायले? काढून टाका तो आहे! आन् जरा हासून बोला, रजा भेटली त्याले."

१३ ऑग.
सकाळी जमलं. लावून ऐकलं आणि फोन पलंगावर टाकून दिला. माझा आवाज नाही तो. शोभाला ऐकवला. तव्यावरची भाकर तशीच राहिली, करपली. म्हणाली, "इनूभाऊच." मग, "अजून एकडाव लावा."
दुपारी अनिकेतचा मेसेज: सर, कधी पाठवताय?
लिहिलं, 'पाठवून राह्यलो.' वाचून पाहिलं. दुरुस्त केलं नाही.
आवाज अजून पाठवलेला नाही. एकदा पाठवला की सगळ्यांचा होईल. आज तो घरी आहे. शोभा विचारत होती, रात्री भरीत करू का, त्याला आवडायचं. कर म्हणालो.