आधी पाटी, मग पावती

७ जानेवारी १९७८, शनिवार

देणगी वर्ग सुरू केला. पाच मास्तर बोलावले होते, चार आले. पाचव्याला ताप म्हणे. देणगीचं नाव काढलं की मास्तर लोकांना ताप येतोच!

कॉलेजला प्रयोगशाळेची इमारत हवी आहे. आमचे अध्यक्ष तात्यासाहेब परवा सभेत सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णासो, तीस वर्षं तुमी एकट्यानं भिक्षा मागितली. आता जरा पोरांना शिकवा की." भिक्षा! संस्थेच्या निम्म्या खोल्या माझ्या जिभेवर उभ्या आहेत, त्याला हा माणूस भिक्षा म्हणतो. हसलो आणि मान डोलावली.

नियम साधा. ज्यांची नोकरी कच्ची आहे त्यांनी एकतीस मार्चच्या आत पाच हजारांचा एक देणगीदार आणायचा. आणला तर कायम, नाही तर घरी.

वर्ग माझ्याच सोप्यात, शनिवारची शाळा सुटल्यावर. गुंडू माने, पी.टी.चा, बैलासारखा मान खाली घालून बसला. सलिमा मुल्ला, भूगोल शिकवते, वही-पेन घेऊन आली. उरलेले दोघे नुसते मान हलवणारे, त्यांची नावं लक्षात ठेवायची गरज नाही.

पहिला धडा दिला — हात जोडू नका. हात जोडले की माणूस दारातच उभं करतो. आत जाऊन बसा आणि पाणी मागा. पाणी दिल्यावर नाही म्हणणं जड जातं.

दुसरा — देणारा का देतोय हे कधी म्हणजे कधी विचारायचं नाही. विचारलं की तो विचार करायला लागतो.

बायकोने, त्रिशलाने, चहा दिला. पाणचट. मग उंबऱ्याआड बसून ऐकत राहिली. तिला काय कळतंय!

१४ जानेवारी

संक्रांत. वर्ग ठेवलाच. रडकी तोंडं झाली चौघांची, मजा आली.

आज खरी विद्या दिली. सकाळी पेपर उघडला की आधी निधनवार्ता वाचायची. कोण गेलं, मागं कोण राहिलं, जमीन किती, दुकान कुठं, हे काढायचं. मग सरळ दिलदारकडे जायचं. दिलदार आमच्या संस्थेच्या पाट्या कोरतो, गेली वीस वर्षं. संगमरवराचा तुकडा घ्यायचा, त्यावर 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ' कोरून घ्यायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि रक्षाविसर्जन झाल्यावर त्या घरी जायचं. बोलायचं काही नाही. फडकं काढायचं. लोक आधी पावती दाखवतात, म्हणून फसतात. आधी पाटी, मग पावती!

गुंडूने विचारलं, "आन् न्हाई म्हटलं तर?"

म्हणालो, तर फडकं परत गुंडाळायचं आणि शांतपणे सांगायचं — हरकत नाही, नाव घासून टाकतो, दगड दुसऱ्याला चालेल. तीस वर्षांत बापाचं नाव घासायला दिलेला एकही मुलगा मला भेटलेला नाही.

सलिमाचं पेन थांबलं. लिही म्हटलं, लिही. परीक्षेत येणार आहे.

१९ जानेवारी

सलिमाला प्रात्यक्षिक दाखवलं. शिवाजी पेठेतली बयाबाई. एकुलता एक मुलगा गेल्या महिन्यात गेला. तालमीकडून फुटबॉल खेळायचा. दारात त्याची म्हैस बांधलेली.

बसलो. पाणी मागितलं. फडकं काढलं. बाईला वाचता येत नाही! हा प्रसंग मलाही नवीन. मग मीच तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं आणि नाव वाचून दाखवलं. ती दगडावर पालथी पडली. हंबरडा असा की शेजारच्या बायका गोळा झाल्या. मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं रडू द्यावं लागतं, त्याच्या आत पावतीपुस्तक काढलं तर काम बिघडतं.

म्हैस विकते म्हणाली. विकली तर विकली.

परतताना सलिमा म्हणाली, "सर, ह्याला मागणं म्हनत न्हाईत." शाळेत शुद्ध बोलते, संतापली की गावाकडचं तोंडात येतं. मी विचारलं, मग काय म्हणतात? म्हणाली, "तुमाला ठावं हाय."

माहीत आहेच. म्हणून तर मी वर्ग घेतो आणि ती वर्गात बसते.

२८ जानेवारी

हसून हसून पोट दुखलं!

गुंडू गडहिंग्लजला गेला होता. तिथल्या रावसाहेब शेट्टी नावाच्या गूळ व्यापाऱ्याची निधनवार्ता वाचून त्याच्या नावाची पाटी केली. एस.टी.तून मांडीवर दगड घेऊन गेला. दार उघडलं, आत बसला, पाणी मागितलं — तिथपर्यंत सगळं मी शिकवल्याप्रमाणे. फडकं काढलं. पाणी आणून देणारा म्हातारा वाकून वाचायला लागला — 'कै. रावसाहेब शेट्टी'. आणि म्हणाला, "पावणं, रावसाब म्हंजे मीच की!"

गेला होता तो भाऊ. गुंडूने बातमीतलं खालचं नाव, दुखवट्यात सही करणाऱ्याचं, वर नेऊन ठेवलं होतं. त्याच्या म्हातारीने चप्पल काढली. पाटी तिथेच टाकून हा पळाला तो थेट स्टँडवर.

गुंडूचं करिअर संपलं. तो मार्चपर्यंत येईल, पण मी त्याच्याकडे बघणार नाही.

४ फेब्रुवारी

नवा नियम केला. 'कै.' सगळ्यात शेवटी कोरायचं. डावीकडे त्याच्यापुरती जागा सोडायची, मरणाची खात्री करायची आणि मगच दिलदारला छिन्नी लावू द्यायची. दिलदारलाही जाऊन बजावलं. तो म्हणाला, "गुरुजी, जित्या मान्साला मारायची मला तरी कुटं हौस हाय?"

वर्गात मोठ्याने तीनदा म्हणवून घेतलं. आतून त्रिशलाच्या हसण्याचा आवाज आला. गेल्या वर्षभरात ती हसलेली मला आठवत नाही.

११ फेब्रुवारी

त्रिशलाच्या पोटात परत दुखतंय. मार्चनंतर बघू म्हटलं. तिचं दुखणं तीन वर्षांचं आहे, इमारतीला तारीख आहे.

कागलहून तिचा भाऊ आला होता. तिला अजून 'राजू' म्हणतो. माहेरचं नाव राजमती. माझ्या वहिनीचंही तेच, एका घरात दोन राजमत्या नकोत म्हणून लग्नात तांदळात त्रिशला लिहिलं. अठ्ठावीस वर्षं झाली. भावाला सांगितलं, या घरात त्या नावाचं कुणी राहत नाही. तो जेवला आणि गेला.

१८ फेब्रुवारी

सलिमा आजही रिकामी. माझ्या पद्धतीने जाणार नाही म्हणते. स्वतःच्या पद्धतीने हिंडते — माजी विद्यार्थ्यांना पत्रं लिहिते, प्रयोगशाळेत काय काय येणार त्याची यादी पाठवते. आतापर्यंत जमले तीनशे दहा. वर्गासमोर तिची यादी वाचून दाखवली. परीक्षानळ्या! नळ्यांसाठी कुणी खिशात हात घालतो? माणूस नावासाठी घालतो, बाई, नावासाठी!

डोळ्यांत पाणी आलं, पण वर बघत राहिली. धाकटी बहीण नजीरा सलिमाच्याच पगारावर शिकते, ते मला माहीत आहे. मुद्दाम विचारलं, "बहिणीचं पुढचं वर्ष कोण बघणार?"

चहा देताना त्रिशलाने माझा कप आदळला.

२५ फेब्रुवारी

वर्ग संपल्यावर सलिमा तासभर स्वयंपाकघरात. काय एवढं बोलतात? त्रिशलाला विचारलं. म्हणाली, "भूगोल."

७ मार्च

त्रिशला कालपासून कागलला, भावाकडे. दोन दिवस खाणावळीचं जेवण. भाताला मीठ नाही, आमटीत नुसतं मीठ. शाळेत गेलो तर सलिमाही रजेवर. हिच्या रजा आता मोजायला घेतल्या पाहिजेत.

८ मार्च

आली. थकलेली दिसते. मिरजेची बर्फी आणली आहे. कागलला जाऊन मिरजेची बर्फी? भाऊ गेला होता म्हणाली. बर्फी बरी होती.

११ मार्च

शेवटचा वर्ग. दोघा मानहलव्यांनी सासऱ्यांकडून पैसे आणले. ही काय देणगी! पण कायम झाले. गुंडूने राजीनामा दिला. सलिमाला म्हटलं, वीस दिवस आहेत, पेपर वाचायला लागा, कोल्हापुरात रोज कुणी ना कुणी मरतंच.

ती म्हणाली, "बघते, सर." आवाज इतका मऊ की मला राग आला.

२० मार्च

दिवसभर गडहिंग्लजला होतो, गुंडूने केलेली घाण निस्तरायला. संध्याकाळी तात्यासाहेब भेटले. "अण्णासो, तुमची मुल्लाबाई वाघीण निघाली की! पाच हजार एक, रोख. कागलचं कुणीतरी पाटील."

माझी पद्धत वापरली तर शेवटी! सगळे वापरतात. घरी येऊन त्रिशलाला सांगितलं, तुझ्या त्या सलिमाबाईने पण कुणाच्या तरी मढ्यावर हात मारला. ती भाकरी थापत होती. हात थांबला, मग परत थापायला लागली.

२१ मार्च

ऑफिसात पावती बघितली.

राजमती बाळगोंडा पाटील, कागल.

कारकुनासमोर उभा होतो म्हणून बरं, नाहीतर ओरडलो असतो.

घरी येऊन आधी तिचे हात बघितले. मोकळे! नुसती काचेची बांगडी. तिच्या आईच्या चार पाटल्या गेल्या. किती दिवस झाले घातलेल्या नाहीत? मला आठवेना, आणि त्याचाच जास्त संताप आला. विचारलं, कुणाला विचारून?

"माझ्या अव्वाच्या व्हत्या."

का दिल्यास? त्या पोरीने तुझ्यापुढे काय नाटक केलं?

"तिनं मागितलंच न्हाय. मीच दिलं." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "देणाऱ्याला का म्हणून इचारायचं न्हाय, तुमचाच नियम हाय की."

हात उचलला होता. खाली घेतला. एवढी हडकुळी कधी झाली ही? दंडाला चोळी नुसती लोंबते.

२२ मार्च

बोलत नाही तिच्याशी. तीही बोलत नाही, पण तिला त्याचं काही वाटतंय असं दिसत नाही. दुपारीसुद्धा पडून असते. सोंग!

२५ मार्च

तात्यासाहेबांच्या नावे अर्ज लिहिला. देणगी वर्गातल्या शिक्षिकेने देणगीप्रमुखाच्याच घरातून, त्याच्या अपरोक्ष पैसे नेणे ही शुद्ध फसवणूक आहे. देणगी रद्द करावी, मुल्लाबाईंना कायम करू नये. तीनदा वाचला. चांगला उतरला आहे. तीस वर्षांत इतकं सुरेख काही लिहिलं नव्हतं.

माझ्याच संस्थेत, माझ्याच प्रयोगशाळेच्या भिंतीवर, माझं आडनाव सोडून माझी बायको! लोक विचारतील, ही कोण पाटीलबाई? काय सांगू?

२७ मार्च

शाळेच्या फाटकात सलिमाला अडवलं. अर्ज दाखवला. वाटलं होतं, रडेल, पाया पडेल. तिने पूर्ण वाचला, घडी करून परत दिला. म्हणाली, "सर, हा अर्ज द्यायचा तर द्या. पन घरी जरा लवकर जात चला."

ही मला शिकवणार!

२८ मार्च

अर्ज खिशात घालून निघालो, वाटेत दिलदारकडे थांबलो. पाटी थांबव म्हणायला. पाटी तयार होती, भिंतीला टेकवलेली. 'राजमती बाळगोंडा पाटील, कागल'. अक्षरं सगळी उजवीकडे सरकलेली. तेवढंच निमित्त मिळालं. झापला त्याला — वीस वर्षं झाली, अजून नाव मध्यावर बसवता येत नाही?

दिलदार छिन्नी पुसत राहिला. मग म्हणाला, "वैनीसाबच आल्या व्हत्या, गुरुजी, मुल्लाबाईंसंगं. मिरजेच्या डाक्टरकडनं परत येताना. म्हणाल्या, डाव्या अंगाला जागा सोड, तुमच्या गुरुजींचा नियम हाय. पावसाळ्याच्या आत लागंल."

मी त्या जागेवर हात ठेवून बघितला. माझी तीन बोटं मावतात.