टेपखालची चीर

ता. ४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे हातीपायी धड आहेत हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. फोनवर हे बोलता येत नाही. सासूबाईंचे कान अजून तिखट आहेत.

रविवारी तळ्यावर आपली जुनी स्कीची बोट वळलीच नाही. हे चालवत होते, मागे दोरीला धरून मनी स्कीच्या फळ्यांवर, पाण्यावर घसरत. धक्का जवळ आला तसं यांनी चाक फिरवलं, ते अर्ध्यावर अडकलं. पोरीने वेळीच दोरी सोडली म्हणून गुडघ्यावर निभावलं. बोटीचं नाक मात्र धक्क्याच्या खांबावर फुटलं.

आता मनातलं. आदल्या संध्याकाळी भाऊजी बोटीच्या मागच्या फळीखाली डोकं घालून बसले होते. मी विचारलं तर काही नाही म्हणत उठले, हात पाठीमागे. त्यांना ही बोट विकून नवी घ्यायची आहे आणि हे ऐकत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. यांच्याजवळ शंका काढली तर उखडले. तो माझा सख्खा भाऊ आहे, तू उगाच पोलीस होऊ नकोस, म्हणाले.

बोट ट्रकवर घालून तुझ्या वर्कशॉपला पाठवते आहे. उघडून बघ आणि खरं काय ते लिही. यात भाऊजींचा हात निघाला तर ते आणि मनी एका छपराखाली राहणार नाहीत.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
चिमी


ता. ११ एप्रिल

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

बोट पोचली. तुझी वहिनी म्हणते, लोकांच्या नणंदा स्वतः येतात, आमची बोट पाठवते.

आधी केबल सुकाणूपासून सोडवली. सुकाणू करंगळीने हललं, चाक तरी जडच. मग चाकाकडूनही सोडवली, तर ते भिंगरीसारखं फिरलं. म्हणजे दोष केबलमध्येच. केबल म्हणजे जाड नळीत पुढेमागे सरकणारी तार; चाकाचं म्हणणं ती सुकाणूपर्यंत पोचवते. ही तार आत गंजून फुगली होती.

मागच्या कोपऱ्यातल्या वळणावर काळी टेप गुंडाळलेली होती, नवी, अजून चिकट. ती सोडवली तर खाली नळीला आडवी चीर, ब्लेड ओढावं तशी साफ. तिथूनच पाणी आत शिरलं.

मी कोणाचं नाव घेत नाही. पण टेप आपोआप गुंडाळली जात नाही. कोणाच्या पेटीतली आहे ते बघ. काल देवापुढे बसलो तेव्हाही डोळ्यांपुढे ती चीरच येत होती.

मनीला पाण्यापासून लांब ठेव. सर्वांची खुशाली कळवत राहा.
तुझा,
दादा


ता. १६ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टेप भाऊजींच्याच पेटीतली. समोर धरून विचारलं तर कबूल झाले; पण चीर आधीपासून होती, आपण फक्त ती झाकली, म्हणाले. मग घरात का सांगितलं नाही, तर म्हणे दादांना महिन्यापूर्वीच लिहिलं होतं, त्यांनाच विचारा.

तुझं नाव मध्ये ओढलेलं ऐकून माझं डोकं फिरलं. बोलू नये ते मी बोलले. सासूबाई आड आल्या, तर मी म्हणाले, मुलगे दोन्ही तुमचे असतील, पण मुलगी माझी आहे. भाऊजी सामान घेऊन मित्राच्या गॅरेजवर राहायला गेले. हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. आणि ज्या पोरीसाठी हे सगळं केलं, ती काकाशिवाय बोटीला हात लावणार नाही म्हणून बसली आहे.

दादा, त्यांनी तुला खरंच काही लिहिलं होतं का? नाही, एवढी एक ओळ पाठव, म्हणजे विषय मिटला.

उत्तराची वाट बघते.
तुझी,
चिमी


ता. २० एप्रिल

चि. सौ. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

ती ओळ मला लिहिता येत नाही.

नवी केबल घेण्यासाठी जुनी जमिनीवर सरळ टाकून मोजली. बोटीला लागते त्यापेक्षा वीतभर आखूड निघाली. सहा वर्षांपूर्वी ती मीच बसवली होती. या बोटीचं माप वर्कशॉपमधल्या वडिलांच्या जुन्या वहीत वितींमध्ये आहे, ते मी माझ्या वितीने भरलं. त्यांचा पंजा माझ्याहून किती मोठा होता, हे आपल्या दोघांच्या पाठींना चांगलं ठाऊक आहे. आखूड पडली तेव्हा बदलून आणायची सोडून कोपऱ्यात नको तेवढी वाकवून बसवली. नळी त्या वाकणाच्या बाहेरच्या अंगाला फाटली. ब्लेड कोणी लावलं नाही. शिवाय इतका गंज एका रात्रीत चढत नाही. तो डोळ्यांनी बघूनही मी तुला तसं पत्र लिहिलं.

भाऊजींचं पत्र आलं होतं. चाक जड लागतं, केबलला चीर दिसते, असं लिहिलं होतं. मी उलट लिहिलं की केबल माझ्या हातची आहे, चाक जड वाटत असेल तर दंड कमवा. विसरलो होतो असं नाही. आठवू दिलं नाही. तुझ्यापुढे तुझ्या भावाचं काम उघडं पाडायला नको म्हणून त्यांनी टेप लावली असणार. त्यांना आजच वेगळं पत्र टाकलं आहे, माफीचं.

या वेळी फीत लावून दोनदा मोजून नवी केबल घातली. बोट उद्या निघेल. पण मनी दोरी धरायच्या आत माझं काम भाऊजींकडून तपासून घे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

रागाव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.
तुझा,
दादा


ता. २८ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी स्वतः गॅरेजवर गेले. माफी मागितली. भाऊजी पाना पुसत राहिले आणि बोट कधी येते एवढंच विचारलं.

बोट पोचली. काल भाऊजी आले ते घरात नाही, थेट तळ्यावर. मागची फळी काढून तासभर आत वाकले होते. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा फिरवलं, मनीने मोजायचं सोडून दिलं. आधी एकटे दोन फेऱ्या मारून आले, मग तिला दोरी दिली. पोरगी ओरडत होती, पण आनंदाने. मी धक्क्यावर बसून होते. इतके दिवस कोणाकडे संशयाने बघत होते, ते आठवून मान वर होत नव्हती.

नंतर घरी आले, आईशेजारी जेवायला बसले. बोटीची किल्ली यांच्या खिळ्यावर न टांगता स्वतःच्या खिशात टाकली. हात धुताना मला म्हणाले, दादांना कळवा, सुकाणूकडचा एक नट पाव फेरा ढिला होता, मी आवळला.

खरंच ढिला होता का, ते मी त्यांना विचारलं नाही. तुलाही विचारत नाही.

माया होती तेवढी असू दे.
तुझी,
चिमी